समक्ष पाहणी केली

जुना जालना
१३ ऑगस्ट २०००

ती. अक्कास,
बद्रीचा नमस्कार. शिवकन्येला आशीर्वाद. म्हशीचा पाय बरा झाला का ते कळव.

तुझं पत्र मिळालं. अक्षर शिवकन्येचं आणि बोलणं तुझं; वाचतेस सगळं, पण लिहायला तुला लेकच लागते. वाचताना हसू आलं. मी नोकरीत नेमकं काय करतो असं दाजींना विचारलं तर "कर्ज वाटतो" एवढंच सांगतात, म्हणून तू मला नीट लिहायला सांगितलंस. तर ऐक.

आमची कंपनी पुण्याची. फक्त घर बांधायला कर्ज देते. इथली शाखा नव्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वर आहे. चार टेबलं आणि एक कूलर. वैद्य म्हणून साहेब आहेत, त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं. बी.कॉम.ला जे शिकलो त्यातलं व्याज काढण्यापुरतं कामाला येतं, बाकी सगळं नव्यानं शिकून राह्यलो. सातबारा, एन.ए.ची ऑर्डर, नगरपालिकेचा नकाशा कसा वाचायचा, हे सगळं. पहिल्याच महिन्यात साहेबांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. घराचं कर्ज एकदम देत नाहीत. पाया झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की शेवटचा. घर वर चढेल तसा पैसा सुटतो. आणि तो सोडायच्या आधी कंपनीच्या माणसानं जागेवर जाऊन बघायचं असतं. तो माणूस मी.

इंजिनिअर औरंगाबादहून महिन्यातून दोनदा येतात. मधल्या पाहण्या माझ्याकडे. ऑफिसची लुना घ्यायची, फोटो काढायचा, फॉर्मवर सही करायची. फॉर्मवर आधीच छापलेलं असतं: 'समक्ष पाहणी केली. काम मंजूर नकाशाप्रमाणे व समाधानकारक आढळले.' मी साहेबांना म्हटलं, मी कॉमर्सचा, मला स्लॅबमधलं काय कळतं? ते म्हणाले, डोळे आहेत ना तुम्हाला.

मग दाजींनीच शिकवलं. दोन रविवार त्यांच्या साइटवर घेऊन गेले. सळईची जाळी कशी बांधतात, स्लॅबखालचं सेंटरिंग किती दिवस ठेवायचं, सगळं दाखवलं. गॅलरीसारखं जे भिंतीबाहेर निघतं त्यात मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीटचा माल टाकताना कुणाच्या पायाखाली ती दबून खाली गेली, तर गॅलरी नुसत्या सिमेंटच्या जीवावर उभी राहते. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. दहावीनंतर पाच वर्षं दाजींनी मला त्यांच्या या खोलीत ठेवलं. सिमेंटनं माखून कामावरून यायचे आणि म्हणायचे, "तू वाचत बस, भाकरी मी टाकतो." हे मी विसरणार नाही, अक्का.

एक गंमत सांगतो. दाजी आमच्या ऑफिसला गिऱ्हाइकं आणतात आणि त्यातल्या बऱ्याच घरांचं कामही तेच घेतात. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, कंत्राटदार कर्मचाऱ्याचा नातेवाईक आहे काय? साहेबांनीच तोड काढली. कागदावर दाजींऐवजी रखमाजी मिस्त्रींचं नाव लावायचं. तुला माहीतच आहेत रखमाजीबाबा, आष्टीचे. त्यांनी करारावर अंगठा दिला, चहा प्याले आणि म्हणाले, "नाव कुणाचं बी लावा, थापी माझ्याच हातात हाय." मला जरा कसंतरी वाटलं, पण सगळीकडे असंच चालतं म्हणतात.

पोळ्याला येईन. पुरणपोळ्या जास्त कर.

तुझा
बद्री


जुना जालना
८ एप्रिल २००१

ती. अक्कास,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला. मार्च होता. मार्चअखेर शाखेनं अमुक इतकं कर्ज वाटलंच पाहिजे असा पुण्याचा हुकूम असतो, नाही झालं तर साहेबांची बदली आणि आमच्यासारख्या कच्च्या माणसांची सुट्टी. झालं एकदाचं. साहेबांनी पेढे वाटले. जूनपासून मला कायम करतील म्हणाले.

आज हनुमान जयंती. मी यावं म्हणून तू दोनदा निरोप पाठवलास. आज रविवार, ऑफिस बंद, गाड्या चालू, तरी आलो नाही. कारण काहीच नाही. खोलीतच बसून आहे.

दाजी तुझ्याकडे काही बोलले का? माझ्याबद्दल, म्हणजे. भांडण झालं असं नाही. अंबड रोडच्या पुढं नवं प्लॉटिंग झालंय, तिथं एसटी डेपोतले एक मेकॅनिक आहेत, रामकिसन म्हणून. त्यांच्या घराचं काम दाजींकडे होतं. त्यावरून थोडी बोलाचाली झाली. दाजींनी आयुष्य बांधकामात काढलं, मी काल आलेला. त्यांचंच बरोबर असेल. पाडव्याला ती माणसं राहायलाही गेली, तेव्हा तो विषय संपला.

मला हल्ली झोप नीट लागत नाही. ऊन फार आहे, त्यानं असेल. शिवकन्येला म्हणावं, गणिताच्या पेपरात पायऱ्या सोडू नको, नुसतं उत्तर लिहून मार्क मिळत नाहीत.

अक्का, दाजी तुझ्यापाशी कधी एखादी चूक कबूल करतात का? असंच विचारलं. उत्तर लिहिलंस तर त्यांच्या हाती देऊ नको, पोस्टात टाक.

तुझा
बद्री


जुना जालना
१५ जुलै २००१

ती. अक्कास,
बद्रीचा नमस्कार.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारच्या खोलीतला भालचंद्र उद्या पहिल्या गाडीनं गेवराईला निघालाय, तो वडीगोद्रीला उतरून तुझ्याच हातात देईल. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन म्हणजे किराणा दुकानातला. तिथं उभं राहून ऐकण्यासारखं हे नाही. मी स्वतः यायला पाहिजे होतं. पण गाव सोडायचं नाही असं मला सांगितलंय. कुणी सांगितलं ते पुढं लिहितो.

तुमच्याकडे पेरण्या झाल्या का? इकडे पावसानं ओढ धरलीय. दुकानांसमोर बियाण्यांच्या पिशव्या तशाच पडून आहेत. माझ्या जेवणाची काळजी करू नको, खानावळ लावलीय. तुझी शेंगदाण्याची चटणी अजून आहे.

मी इकडचं तिकडचं लिहीत बसलो, हे तुला कळलंच असेल.

मे महिन्यात अंबड रोडच्या घराची गॅलरी पडली आणि एक बाई गेली, हे दाजींनी तुला सांगितलंय. मिस्त्रीच्या हातून चूक झाली, असंही सांगितलं असेल. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं मी सांगतो, कारण त्यात मी आहे.

१७ मार्चला, शनिवारी, रामकिसन आमच्या ऑफिसात आले. अंगावर डेपोची खाकी, हाताला ग्रीस. बोटं लागू नयेत म्हणून त्यांनी अर्ज वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. म्हणाले, "साहेब, गॅलरीत भिंतीच्या मुळाशी चीर पडली. कंत्राटदार म्हणतो, उन्हाची हाय. मला इंजनातलं कळतं, घरातलं न्हाई. तुम्ही येऊन बघा. तवर शेवटचा हप्ता सोडू नका." मी अर्जावर शिक्का मारला, आवक नोंदवहीत नंबर घातला आणि उद्या रविवारी येतो म्हटलं. सकाळी का दुपारी, असं त्यांनी विचारलं. घरी सांगून ठेवतो म्हणाले.

संध्याकाळी मी हे दाजींना सांगितलं. त्यांना न सांगता जाऊन त्यांचंच काम तपासणं मला बरं वाटलं नाही. त्यांनी चिरेची जागा विचारून घेतली. मग म्हणाले, "सिमेंट आकसतं, त्याची चीर हाय ती. मी भरून घेतो. तू कशाला उन्हात जातो?" मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तर म्हणाले, माझ्या कामावर तुझा भरवसा न्हाई का? झाली ती बोलाचाली एवढीच.

त्या रविवारी मी गेलो नाही. कपडे धुतले, दाढी केली, दुपारी झोपलो.

३१ मार्चला साहेबांनी माझ्या टेबलावर अकरा फॉर्म आणून ठेवले. सगळ्या पाहण्या राहिलेल्या, आणि हप्ते त्याच दिवशी सोडायचे. "करून टाका," म्हणाले. मी टेबलावर बसून अकरा सह्या केल्या. रामकिसनची फाइल उघडली तर त्यांचा अर्ज वरच होता, माझ्याच शिक्क्याचा. मी तो काढून फाइलच्या मागं लावला आणि सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता, अक्का. नोकरी जाईल याची भीती होती, दाजींचा हप्ता अडकेल याचीही होती. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला एवढंच वाटत होतं, की हे जल्दी संपावं आणि घरी जावं.

२२ मेला रामकिसनची बायको द्वारकाबाई गॅलरीत कुरडया वाळत घालत होत्या. गॅलरी मुळापासून सुटली आणि त्या खाली पडल्या. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बोटांना गव्हाचा चीक वाळून चिकटला होता.

दवाखान्यातून साहेबांनी मला फोटो काढायला त्या घरी पाठवलं. त्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो; आधीच्या हप्त्यांच्या पाहण्या इंजिनिअरांनी केल्या होत्या. भिंतीतून बाहेर आलेल्या सळया बघितल्या. सगळ्या खालच्या अंगाला होत्या. दाजींनी शिकवलं होतं म्हणूनच मला ते कळलं. वरून चिरेवर सिमेंटचा पातळ हात फिरवलेला होता.

रामकिसन दारात बसले होते. लोक मला शिव्या देतील, मारतील, असं मनाशी धरून गेल्तो. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी येणार होते तुम्ही."

पुढचं तुला थोडं माहीत आहे. कागदावर कंत्राटदार रखमाजीबाबा, म्हणून पोलिसांनी त्यांना धरलं. अजून जामीन झालेला नाही. दाजी जबाबात म्हणाले की आपण फक्त सिमेंट-वाळू पुरवली. आमच्या साहेबांनी फाइलमधून तो अर्ज काढून घेतला. "असा अर्ज शाखेत आलेला नाही. तुम्ही पाहणी केली तेव्हा काम चांगलं होतं. नोंदवहीचं मी बघतो," म्हणाले. जूनच्या एक तारखेला माझं कायम झाल्याचं पत्र आलं. तू शिवकन्येकडून अभिनंदनाचं कार्ड पाठवलंस. ते मी उघडून ठेवून दिलं, उत्तर लिहिलं नाही.

नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स मात्र मी आधीच काढून ठेवली होती. दीड-दोन महिने ती माझ्या उशाखाली होती. 

दाजींवर राग धरू नको असं मी सांगणार नाही, पण एक सांगतो. याच खोलीत ते माझ्यासमोर रडले. मिक्सर दिवसाच्या भाड्यानं आणला होता, माणसं संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती. माल टाकताना रखमाजीबाबांनी सांगितलं होतं की सळई दबली, थांबू, उचलून घेऊ. दाजींनी चालू द्या म्हटलं. बस, एवढंच. वाईट माणसं असतात तसे ते नाहीत. नंतर डोळे पुसून म्हणाले, "बद्री, काम माझं हाय, सही तुझी हाय. दोघं बी गप राह्यलो तर दोघं बी वाचतो. तुझ्या बहिणीकडं बघ जरा. रखमाजीच्या घरचं मी बघतो."

आणि मी गप्प राहिलो, अक्का. तुझ्याकडे बघून राहिलो असं मला स्वतःला सांगत आलो. तुझं नाव पुढं केलं की मला माझं काही बघावं लागत नव्हतं.

मागच्या सोमवारी तुळजाबाई ऑफिसात आल्या. रखमाजीबाबांच्या घरच्या. दाजींनी ज्वारीचं पोतं पाठवलं होतं ते त्यांनी तसंच परत केलं, हे त्यांच्याकडूनच कळलं. स्टँडपासून पायी आल्या होत्या. जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतून एक कागद काढला. वकिलानं दिलेली कराराची नक्कल. मला म्हणाल्या, "लेकरा, ह्याच्यावर काय लिव्हलंय ते वाचून दाखव."

मी वाचलं. कामात काही खोट निघाली, कुणाला इजा झाली, तर सगळी जबाबदारी कंत्राटदाराची राहील. खाली अंगठा.

"हे त्यांनी वाचलं व्हतं का?"

मी न्हाई म्हटलं. बाबांना वाचता येत नाही, हे तुळजाबाईंना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

"मंग कुणी वाचलं व्हतं?"

मी वाचलं होतं. टाइप करून मीच आणला होता. बाबांचं बोट शाईत धरून मीच टेकवलं होतं. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

शुक्रवारी दाजी आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, उद्या मी ठाण्यात जाणार आहे, तुम्ही सोबत चला. आपण आपल्या पायानं गेलो तर बरं. त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मोटारसायकल काढली आणि गेले. तुझ्याकडेच आले असतील. आल्यापासून धड बोलत नसतील, जेवत नसतील. का, ते तुला आता कळलं.

काल मी एकटा ठाण्यात गेलो. झेरॉक्स दिली, फोटो दिले, सगळं सांगितलं. १७ मार्चचा अर्ज, अकरा सह्या, साहेबांची तोड, रखमाजीबाबांचा अंगठा, दबलेली सळई, दाजींनी 'चालू द्या' म्हटलेलं. जबाबाची चार पानं झाली. मी ती दोनदा वाचली. दाजींचं पूर्ण नाव, तुमच्या घराचा पत्ता, हेही मीच सांगितलं. हे तू दुसऱ्या कुणाकडून ऐकू नयेस म्हणून आज लिहायला बसलो.

उद्या मला अकरा वाजता परत बोलावलंय, तोवर गाव सोडायचं नाही असं ठाण्यातूनच सांगितलंय. संध्याकाळी सोडतील की नाही, हे फौजदारांनी सांगितलं नाही. नोकरीचा राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय, तरी साहेब त्याआधीच काढून टाकतील.

ठाण्यातून निघाल्यावर रामकिसनच्या घरी गेलो. खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसा म्हणाले. मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, की त्या रविवारी आला असता तर चीर बघून तुम्हाला कळलं असतं का? मी म्हटलं, कळलं असतं. मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

तू मला माफ करावंस असं मी मागत नाही. माझ्या पाच वर्षांच्या भाकरी दाजींनी थापल्या, आणि त्यांचं नाव ठाण्यात मी दिलं, ही गोष्ट तुझ्या घरात कायमची राहणार. तू मला काय म्हणशील ते मी मनात पुष्कळदा ऐकलंय. तरी रखमाजीबाबांना आत ठेवून तुझ्या हातचं जेवायला आलो असतो, तर तो घास घशाखाली उतरला नसता. आणि तुझ्याही उतरला नसता, एवढं मला तुझं माहीत आहे.

आता नीट वाच. पोलीस सोमवारी दुपारपर्यंत येतील. शिवकन्येला सकाळीच शाळेत पाठव, आणि सुटल्यावर घरी न येता तिच्या मैत्रिणीकडे थांबायला सांग. दाजींना पळून जायला सांगू नको, त्यानं वाईटच होईल. वकिलाचं मी भालचंद्रला बोलून ठेवलंय, त्याचे काका बघतील.

हे पत्र त्यांच्यापासून लपवू नको. पण आधी जेवू घाल, मग दे. वाचून झाल्यावर ते मळ्यातल्या विहिरीकडे जाऊन येतो म्हणतील. अक्का, त्यांना एकटं जाऊ देऊ नको. काहीही कर, पण त्यांच्यासोबत जा.

तुझा भाऊ
बद्रीनाथ